अधिक महिन्यातली आवई

मुलुख सोडून परप्रांती नोकरी करणाऱ्या माणसाला 'आवई' या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. त्याच्या आयुष्याचा निम्माअधिक भाग आवईवरच चाललेला असतो. बदलीचा हुकूम हातात पडण्याच्या किती तरी आधी त्या हुकुमाची सावली घरात येते. जावक नोंदवहीत कुणी तरी एक क्रमांक पाहिलेला असतो, वरिष्ठांच्या स्वीय सहायकाने चहा पिता पिता एखाद्या गावाचे नाव उच्चारलेले असते, आणि तेवढ्या भांडवलावर मुलांच्या शाळांची, ट्रंकांची व भाड्याच्या घरांची चर्चा सुरू होते. अशा चार बातम्यांपैकी तीन खोट्या ठरतात हे सर्वांना ठाऊक असते. पण म्हणून चौथीवरचा विश्वास ढळत नाही.

आवईवर जगणारी आणखी एक जमात आहे, आणि तिचा परिचय मला चौमूंसारख्या गावात व्हावा ही मोठी गंमत आहे. ही जमात हौशी छायाचित्रकारांची. चौमूं हे गाव जयपूरहून सीकरच्या वाटेवर सुमारे ३३ किलोमीटरांवर आहे. नाथावत ठाकुरांची जुनी गढी, तिच्या भोवती दाटीवाटीने उभा असलेला बाजार, भाजीपाल्याची मंडी आणि हिवाळ्यात रस्तोरस्ती बोरांच्या टोपल्या, असा या गावाचा थाट. एका जपानी कंपनीच्या कॅमेऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून येथे कुणी बसले असेल, अशी शंकाही वरवर पाहणाऱ्याला यायची नाही. परंतु २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही चौघे जण तसे बसलो होतो: शाळेतले एक मास्तर, एक दंतवैद्य, बँकेत अधिकारी असलेले माझे एक नाशिककर स्नेही आणि मी. रविवारी सकाळी दंतवैद्यांच्या दवाखान्यात, दाताची खुर्ची रिकामी असे तेव्हा, आमची बैठक भरे. विषय एकच. निकॉन कंपनी आपल्या जुन्या एफएम-२ च्या धाटणीचा, पण आतून अगदी आधुनिक असा बिनआरशाचा कॅमेरा काढणार, अशी बोलवा होती. कधी काढणार, कितीला देणार, काळाच असेल की चंदेरीही, याचा निवाडा आम्ही दर रविवारी करीत असू आणि पुढच्या रविवारी तो फिरवीत असू.

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. पूर्वीच्या उत्तम कॅमेऱ्यांत भिंगाच्या पाठीमागे एक तिरपा आरसा असे. भिंगातून आलेला प्रकाश तो वर, डोळ्याकडे पाठवी. बटण दाबताच आरसा उचलला जाई, प्रकाश फिल्मवर पडे, आणि आरसा पुन्हा जागेवर येई. कॅमेऱ्याचा तो परिचित 'खटक' आवाज बराचसा या आरशाचाच. पुढे फिल्मच्या जागी विद्युत् संवेदक आला आणि त्याला दिसणारे चित्र डोळ्यापुढच्या चिमुकल्या पडद्यावर थेट दाखविता येऊ लागले. मग आरशाचे काम उरले नाही. भिंगे बदलता येणारा असा पहिला कॅमेरा पॅनासॉनिकने २००८ मध्ये आणला. आरसा गेला, त्याबरोबर कॅमेऱ्याचा घेर घटला, वजन घटले. आणि काही लोकांना वाटले की आणखीही काही तरी गेले.

ते काय गेले, याचा शोध घेण्याची कल्पना प्रथम फुजीफिल्मला सुचली म्हणावी लागेल. २०१० साली कोलोन येथील प्रदर्शनात त्यांनी एक्स-१०० हा कॅमेरा मांडला. बाहेरून तो १९६०-७० च्या सुमाराचा वाटे, शटरचा वेग चकती फिरवून ठरवावा लागे, आणि आत मात्र सारी विद्युत्-किमया होती. लोकांनी तो उचलून धरला. निकॉनने २०१३ मध्ये याच वळणाचा डीएफ काढला, पण त्यात आरसा होता. २०२१ मध्ये झेड-एफसी आला, त्यात आरसा नव्हता, पण संवेदक लहान होता. तेव्हा धाकट्यामागून थोरला येणार, हे अनुमान कुणीही काढावे असेच होते. ही झाली आवईची पहिली पायरी. दुसरी पायरी मला अधिक मनोरंजक वाटते. आजच्या कॅमेऱ्यात बिनतारी संदेशाची सोय असते, आणि अशी यंत्रे विकण्यापूर्वी निरनिराळ्या देशांच्या सरकारी खात्यांत त्यांची नोंद करावी लागते. त्या नोंदीत यंत्राचे नाव नसते, केवळ एक सांकेतिक क्रमांक असतो. जगभरचे आवईबहाद्दर हे क्रमांक रोज वाचतात आणि त्यांवरून पुढे काय येणार याचे भाकीत करतात. जावक नोंदवहीतला क्रमांक पाहून बदलीचे गाव ओळखणाऱ्या आपल्या कारकुनात आणि त्यांच्यात काडीचाही फरक नाही. गुप्तता राखण्यासाठी जे दप्तर उघडायचे, त्यातूनच बातमी फुटायची, हा दप्तराचा स्वभाव सर्व देशांत सारखाच दिसतो.

आता प्रश्न असा की, जुन्या रूपाचा हा हव्यास कशासाठी? आमचे मास्तर हा प्रश्न फार चांगला सोडवीत. त्यांच्यापाशी खराखुरा एफएम-२ आहे. हा कॅमेरा १९८२ साली आला. सेकंदाच्या चार-हजाराव्या भागापर्यंत त्याचे शटर धावते, आणि ते सर्वस्वी यांत्रिक असल्यामुळे त्याला विजेची गरज नाही. आतली लहानशी बॅटरी फक्त उजेड मोजण्यापुरती. मास्तर म्हणत, "या चकतीवरचे आकडे पाहा. साठ, सव्वाशे, अडीचशे, पाचशे. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा. हे गणित बोटांना पाठ झाले की डोळा मोकळा होतो." ते खरे आहे. नव्या यंत्रांत हेच सारे पडद्यावरच्या याद्यांत दडलेले असते. तेथे यंत्राला विचारावे लागते की, बाबा रे, तुझे सध्या काय चालले आहे? जुन्या कॅमेऱ्याकडे बंद असतानाही नुसते पाहिले, तरी तो आपली सारी हकीकत सांगतो. ज्याला हात आहे त्याला हातानेच काही ठरवावेसे वाटते, एवढीच या हौशीमागची मूळ इच्छा असावी.

दंतवैद्य मात्र संशयात्मा. त्यांचे म्हणणे असे की, नव्या कॅमेऱ्याची चकती पितळेची असली तरी तिच्याखाली एकही दाता फिरणार नाही. ती केवळ आतल्या गणकयंत्राला निरोप देणार. म्हणजे हे सोंगच झाले! दातांच्या कवळीवर ज्याचा चरितार्थ चालतो त्याने सोंगाला नाव ठेवावे याचे आम्हांला हसू येई, पण मुद्दा विचार करण्याजोगा होता. मला त्या वेळी या भागातल्या दोन गोष्टी आठवत. पहिली जयपूरची. १७२७ साली वसलेले हे शहर जन्मतः गुलाबी नव्हते. त्याचा प्रसिद्ध गुलाबी रंग १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी चढला असे सांगतात. पाहुणा कधीच गेला, रंग राहिला, आणि आज त्या रंगावाचून जयपूर ओळखू येणार नाही. दुसरी गोष्ट खुद्द चौमूंची. २००७ सालच्या 'भूलभुलैया' या हिंदी चित्रपटातला तो गूढ वाडा काशीच्या परिसरातला म्हणून दाखविला आहे. प्रत्यक्षात तो आमच्या चौमूंचा राजवाडा आहे, आणि आता तेथे हॉटेल चालते. वाड्याने काशीचे सोंग घेतले म्हणून त्याचे दगड खोटे झाले नाहीत. सोंग ज्या हेतूने घेतले तो हेतू खरा असला की पुरे, असे मी दंतवैद्यांना सांगे. ते मान डोलवीत, पण ती मला थांबविण्यासाठी.

जयपूरला गुलाबी रंग चढला तेव्हा गादीवर असलेले महाराज सवाई रामसिंह हे स्वतः मोठे छायाचित्रकार होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८८० मध्ये ते निवर्तले. राजवाड्यात त्यांचा स्वतंत्र छायाचित्रणाचा कारखाना होता, आणि दरबारी मंडळींची, जनान्यातल्या स्त्रियांची, तशीच स्वतःचीही चित्रे त्यांनी काढली. त्यांच्या काचेच्या पट्ट्या आजही जयपूरच्या राजवाड्यातील संग्रहालयाकडे आहेत. त्यांचा काळ ओल्या काचेचा. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती रौप्यक्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि ओली असतानाच धुवायची. हे सारे दहापंधरा मिनिटांत उरकायचे, आणि राजपुतान्याच्या कोरड्या झळांत ती मिनिटेही आखडणार! समोरच्या माणसाने तोवर निश्चल बसायचे. महाराज हुकूम सोडून अंबारी मागवू शकत होते, परंतु काचेपुढे त्यांनाही घाई करता येत नव्हती आणि विलंबही करता येत नव्हता.

पुढे फिल्म आली आणि ही धांदल संपली, पण प्रतीक्षा संपली नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आग्फा क्लिक-३ हा पत्र्याच्या डब्यासारखा कॅमेरा असेल. तो बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनविलेला. एका रोलवर बाराच चित्रे निघत, म्हणून एकेक चित्र मुंज किंवा बारसे यांच्यासाठी राखून ठेवावे लागे. रोल भरायला महिने लागत. मग तो शहरातल्या स्टुडिओत जाई, आठपंधरा दिवसांनी प्रती येत, आणि त्यांतली एक पाकिटातून देशी, आजीआजोबांकडे रवाना होई. परप्रांतातल्या मराठी घरांचे अर्धे नातेगोते या पाकिटांनी टिकविले आहे. चित्र घेतले त्या दिवसापासून ते देवघराजवळच्या भिंतीवर लागेपर्यंत दोन महिने सहज जात, आणि त्या दोन महिन्यांत ते चित्र घरातल्या प्रत्येकाच्या मनात वेगवेगळे तयार होत असे.

मला वाटते, सारे मर्म येथे आहे. प्रतीक्षा पूर्वी चित्राच्या आत होती किंवा चित्रानंतर होती. आता बटण दाबण्यापूर्वीच चित्र दिसते आणि दाबताच नाशिकला पोहोचते. चित्रापाशी थांबण्याजोगे काही उरलेच नाही. पण वाट पाहण्याची माणसाची भूक काही यंत्राबरोबर बदलत नाही. तिला तिचे खाद्य लागतेच. चित्राची वाट पाहता येईना, तेव्हा तो कॅमेऱ्याची वाट पाहू लागला. आमच्या रविवारच्या बैठकीत आम्ही जे चघळत होतो, ते हेच खाद्य.

ही भूक भागविताना ताटातले अन्न मात्र निवत असते. आमच्या नाशिककर स्नेह्यांकडे त्या वर्षी आषाढात त्यांच्या मातोश्री आल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढचे, पण कंबर ताठ. एरवी त्या श्रावणात परतायच्या. पण २०२३ साली श्रावण अधिक आला, १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत, आणि त्यांचा मुक्काम महिन्याने वाढला. अधिक महिना म्हणजे जावयाला तेहतीस अनारशांचे वाण. जावई जयपुरात नोकरीस. तेव्हा या बाईंनी चौमूंच्या भाड्याच्या घरात, तुळशीपुढच्या त्या लहानशा चौकात, अनारशांचा घाट घातला. तीन दिवस तांदूळ भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग सावलीत पंचावर सुकवायचे, दळायचे, गुळात मळून पीठ पुन्हा ठेवून द्यायचे, आणि नंतर केव्हा तरी खसखशीवर थापून तुपात सोडायचे. अनारशाला जाळी पडते की नाही, हे अगदी शेवटच्या क्षणी कळते.

चौकात सकाळी आठच्या सुमारास भिंतीवरून परतलेला फार सुंदर उजेड येत असे. स्नेह्यांनी तो पहिल्याच दिवशी हेरला होता. आईचे हात, ती खसखस, मागे गढीच्या बुरुजाचा तुकडा. असे चित्र आयुष्यात एकदाच जुळून येते, असे ते बैठकीत आम्हांला सांगत. मास्तरांनी आपला एफएम-२ देऊ केला. स्नेह्यांच्या कपाटातही एक चांगला कॅमेरा होता. पण त्यांचे म्हणणे, "आता महिन्यावर आले आहे. हे चित्र त्याच्यावरच काढायचे." मातोश्रींना त्यांनी विनविले की अनारसे पुन्हा एकदा गणपतीच्या आधी करा. त्या म्हणाल्या, "अरे, अधिक महिना तीन वर्षांनी येतो. तुझा कॅमेरा काय, दर वर्षी येईल." आणि पिठाचा गोळा हातात घेऊन त्या आपल्या कामाला लागल्या.

घरातला गणपती नाशिकचा, म्हणून चतुर्थीच्या दोन दिवस आधी त्या परत गेल्या. चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, २० सप्टेंबर २०२३ रोजी निकॉनने झेड-एफ जाहीर केला. आवई अक्षरशः खरी ठरली. अगदी तेच रूप, पितळेच्या तीन चकत्या, दोन कोटी पंचेचाळीस लाख बिंदूंचा संवेदक, आणि कृष्णधवल चित्रांसाठी एक स्वतंत्र खटका. भारतातली किंमत पावणेदोन लाखांच्या घरात. मास्तरांनी फक्त एक खोट काढली: त्याच्या जोडीला आलेल्या जुन्या थाटाच्या भिंगावर छिद्र लहानमोठे करणारे आकड्यांचे कडे नव्हते. "अर्धा हात परत दिला," ते म्हणाले.

स्नेह्यांना तो डिसेंबरात मिळाला. ते रजा काढून नाशिकला गेले आणि मातोश्रींची पुष्कळ चित्रे घेऊन आले. चित्रे उत्तम होती. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती बोलत होती. त्यांनी ती आईंना दाखविली तेव्हा त्या म्हणाल्या, "छान आलेत रे. पण यात मी पाहुणीसारखी बसले आहे." त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर त्यांनी दुसरेच चित्र चौकटीत घालून लावले होते. अधिक महिन्यात त्यांच्या आठ वर्षांच्या नातीने आईच्या मोबाइलवर काढलेले. क्षितिज तिरपे, बुरूज कापलेला, एका कोपऱ्यात नातीचे स्वतःचे बोट आडवे आलेले. पण हात आहेत, खसखस आहे, आणि परातीतल्या अनारशाला पडलेली जाळी स्पष्ट दिसते. स्नेह्यांनी हे आम्हांला जसे घडले तसे सांगितले आणि बराच वेळ चकतीशी चाळा करीत बसले. पुढल्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. ही आवई मात्र कुणाच्या कानावर आली नव्हती, हुकूमच आला. चौमूंचे ते घर आता दुसऱ्या कुणाचे आहे.

त्यांची कथा सांगताना मला राहून राहून दुसऱ्या एका नाशिककराची आठवण होते. धुंडिराज गोविंद फाळके यांनीही एका कॅमेऱ्याची वाट पाहिली होती. १९१२ साली ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा चलच्चित्राचा कॅमेरा त्यांनी खरेदी केला, आणि स्वतः मुंबईस परतल्यावर पेट्या येण्याची वाट पाहत राहिले. भांडवल जमवायचे होते आणि लोकांचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा त्यांनी काय केले? कुंडीत एक वाटाणा पेरला, त्याच्यापुढे कॅमेरा रोखला, आणि दिवसांमागून दिवस त्याची थोडी थोडी चित्रे घेतली. ती सलग दाखविली तेव्हा दाण्याला अंकुर फुटून वेल वर चढताना पाहणाऱ्यांना दिसली. या चित्रपटावर त्यांना भांडवल मिळाले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. वाट तर त्यांनीही पाहिली. पण वाट पाहणे हेच त्यांनी चित्र केले. अनारशाच्या पिठाची वाट पाहणाऱ्या बाईंची जातकुळी तीच.

आपण बदलीवर राहणारी माणसे या दोन प्रतीक्षांतला भेद सोयीस्करपणे विसरतो. येथे काय, दोन वर्षे काढायची आहेत, म्हणून खिडक्यांना पडदे लावीत नाही. झाड लावीत नाही, कारण फळ खायला आपण नसणार. शेजारच्या भाषेतले चार शब्द शिकत नाही, कारण पुढच्या गावी त्यांचा उपयोग नाही. खरे आयुष्य पुढच्या हुकुमात आहे, ही आपली श्रद्धा. हुकूम येतो, आपण ट्रंका भरतो, आणि मागे वळून पाहतो तो ज्याला आपण मुक्काम समजत होतो त्यातच मुले मोठी झालेली असतात आणि आईचा शेवटचा लांबचा प्रवास होऊन गेलेला असतो.

चौमूंची बैठक अजून भरते. झेड-एफचे कौतुक ओसरते न ओसरते तोच पुढची कुणकुण लागली. ऑलिंपसची परंपरा चालविणाऱ्या कंपनीचा ओएम-३ हा जुन्या वळणाचा कॅमेरा २०२५ च्या फेब्रुवारीत येऊनही गेला. त्यापाठोपाठ दंतवैद्यांनी नवा हिशेब मांडला: कॅननचा एई-१ हा विख्यात कॅमेरा १९७६ च्या एप्रिलमधला, म्हणजे २०२६ मध्ये त्याची पन्नाशी, म्हणजे त्या धाटणीचे काही तरी नवे येणारच! सोंगाला नावे ठेवणारा हा गृहस्थ आता त्या सोंगासाठी पैसे बाजूला टाकू लागला होता. आम्ही त्यांची थट्टा केली, पण मनातून आनंदही झाला. आवई खरी निघो वा खोटी, तिने रविवारच्या सकाळी माणसे एकत्र आणली, हे तिचे पुण्य नाकारून चालणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की आवई ऐकत असताना हात रिकामे नसावेत. मास्तर तेच करतात. ते सर्वांची भाकिते शांतपणे ऐकून घेतात, एफएम-२ चा पट्टा गळ्यात अडकवितात, आणि ऊन चढायच्या आत मंडीकडे चालू लागतात.